कॅलमच्या खाडीतले दोन हंडे

कॅलमची खाडी, केप ब्रेटन
९ जून १८६३

मास्तर,

निवडून आलास आणि दुसऱ्याच दिवशी होडीत बसून पळालास. निरोपाचा चहा तसाच गार झाला. माझ्या नवऱ्याचं, मर्डोचं, म्हणणं आहे की आता तुला लॉकलन मॅकव्हिकर साहेब म्हणायला हवं, कारण तू हॅलिफॅक्सला प्रांताच्या सभेत बसणार. माझ्याकडून ते व्हायचं नाही. तीन वर्षं शाळेवर होतास, माझ्या घरी राहिलास, माझ्या चुलीवर ओले मोजे वाळवलेस. माझ्यासाठी तू मास्तरच.

मतदानाच्या दिवशी तू शाळेच्या दाराशी येणाऱ्या-जाणाऱ्याशी हात मिळवत उभा होतास. माझ्या स्वयंपाकघरात काय चाललं होतं ते तुला दिसलं नसणार, म्हणून सांगते. मे संपत आला तरी खाडीत बर्फ तरंगत होता. पलीकडच्या काठावरचे लोक त्यातनं होड्या ढकलत आले. गुडघ्यापर्यंत भिजलेले, ओठ निळे पडलेले. शेरीफसमोर उभं राहून मोठ्यानं आपल्या माणसाचं नाव सांगायचं आणि मग माझ्या दाराशी यायचं. तू सांगितलं होतंस तसंच केलं मी. "एफी, उपाशी कुणालाच पाठवू नकोस. मला मत देईल त्याला मांस, नाही देणार त्याला रस्सा." ऐकलं तेव्हा हसूच आलं होतं मला. पण सकाळी तू स्वतः येऊन दोन्ही हंड्यांची झाकणं उघडलीस, दोन्हींचं मीठ चाखलंस आणि दुसऱ्या हंड्याकडे बोट करून म्हणालास, "यात मीठ जरा जास्त घाल, म्हणजे मांसाची आठवण येणार नाही." तेव्हा कळलं, मास्तर नुसता पाढे शिकवणारा नाही, हा पुढे जाणार.

पलीकडच्या ओबेद फुल्टननं शेरीफला तुझ्या विरोधकाचं नाव सांगितलं आणि खुशाल आत येऊन दुसऱ्या हंड्यातले तीन वाडगे रिचवले. वर मला म्हणतो कसा, "एफी, या रश्श्यातनं मेंढी नुसती पोहून गेली वाटतं." मी म्हटलं, मत बदल, मेंढी थांबेल. सगळे हसले. तोही हसला.

हेक्टर पाच वर्षांचा आहे, त्याला निवडणूक काय कळणार? मास्तर कुठे गेले म्हणून रोज रडतो. काठ तुटलेला तुझा निळा वाडगा त्यानं आपला करून टाकलाय. तू आलास की परत घे. लोकरीचे मोजे पाठवते आहे. राजधानीत असले मोजे मिळत नाहीत म्हणे.

एफी मॅकॅस्किल


कॅलमची खाडी
२ मार्च १८७६

मास्तर,

मर्डोच्या अंत्यविधीला तू एवढ्या बर्फातनं आलास, त्याबद्दल तेव्हा बोलता आलं नाही. धक्क्यापासून घर दिसत असताना माणूस बुडतो, याला काय म्हणायचं? तो धक्का तूच सरकारकडून बांधून घेतलास. मर्डो सगळ्यांना सांगायचा की हा धक्का आमच्या मास्तरानं आणला. त्याच धक्क्यावर त्याला आणून ठेवला. यात तुझा काही दोष नाही. पण लिहावंसं वाटलं, लिहिलं.

हेक्टरला तुझ्या कचेरीत घेतलंस, वकिली शिकवणार म्हणालास. तू आता प्रांताचा मुख्य सरकारी वकील. तुझ्या हाताखाली हॅलिफॅक्सच्या बड्या घरची पोरं रांगेत उभी असतील. माझा पोरगा मासळीच्या वासाचा. हे उपकार मी विसरायची नाही. ते फेडता येतील असं मात्र वाटत नाही.

आता मत चिठ्ठीवर गुपचूप टाकायचं झालंय. तरी माझ्याकडचे दोन हंडे चालूच आहेत. गेल्या खेपेला पाद्रीबाईंनी विचारलं, तुला कसं कळतं गं कोणाला कुठलं वाढायचं? कळायला काय लागतं? चर्चमध्ये कोणाचा आजा कुठल्या बाकावर बसायचा ते बघायचं. इथं माणूस बायको बदलेल, पक्ष बदलणार नाही.

एक गोष्ट मात्र मनात आहे. मतासाठी कोणी कोणाला खाऊपिऊ घालायचं नाही, असा कायदा तुम्ही लोकांनीच केलात. मर्डोनं पेपरातनं वाचून दाखवला होता. म्हणून अंत्यविधीनंतर तू चुलीपाशी बसला होतास तेव्हा मी विचारलं, हंडे उतरवू का? तू म्हणालास, "राहू देत. तो कायदा दारूसाठी आहे." बरं वाटलं मला. ज्यानं कायदा केला त्याच्यापेक्षा जास्त कोणाला कळणार?

ओटच्या भाकऱ्या आणि काकवीचा डबा हेक्टरबरोबर दिलाय. तो वाटेतच संपवेल, विश्वास ठेवू नकोस.

एफी


कॅलमची खाडी
२० ऑक्टोबर १८८१

न्यायाधीश साहेब,

तुमचं पत्र मिळालं. पाद्रीबाईंना वाचून दाखवलं, त्यांना फार आवडलं. मला नाही आवडलं.

अठरा वर्षं सभेत बसलात, मंत्र्यांच्या खुर्च्या पाहिल्यात, आणि आता पक्षानं बक्षीस म्हणून तुम्हाला न्यायासनावर बसवलं. चांगलं झालं. म्हातारपणाची सोय झाली. पण तुम्ही लिहिता, की आजपासून कुठल्याही पक्षाच्या माणसाकडे जेवायला जाणं तुम्हाला शोभणार नाही, आणि माझं घर म्हणजे पक्षाचं घर. अहो साहेब, ते पक्षाचं घर केलं कोणी?

गेल्या मंगळवारी तुमची गाडी माझ्या दारावरून गेली. तुम्ही टोपी काढलीत. मी हात पुसत बाहेर आले तोवर गाडी वळणापलीकडे. त्या रात्री तुम्ही खानावळीत जेवलात. खानावळवाल्याची बायको बटाटे कच्चे काढते, हे सगळ्या गावाला माहीत आहे. मला वाईट वाटलं. राग आला म्हटलं तरी चालेल.

वाडगा ठेवलाय. पण आता तुम्हाला 'अहो-जाहो'च करणार. वाडग्याचं काय ते बघू.

युफेमिया मॅकॅस्किल


कॅलमची खाडी
२७ सप्टेंबर १८८६

न्यायाधीश साहेब,

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. कज्जा चालू असताना न्यायाधीशाला पत्र लिहायचं नसतं, एवढं मलाही कळतं. पण मन मोकळं करायला दुसरं कोणी नाही. हेक्टरशी हे बोलता येत नाही, आणि मर्डो तर गेलाच.

जूनमध्ये तुमच्याच जागेवर हेक्टर मूठभर मतांनी निवडून आला, ते तुम्ही पेपरात वाचलं असेल. निवडणूक रद्द करा म्हणून ओबेद फुल्टननं कोर्टात अर्ज केलाय, तेही वाचलं असेल. अर्जात एकच मुद्दा आहे, माझे हंडे. तेवीस वर्षं माझ्या दारात बसून रस्सा प्यायला आणि आता त्याला कायदा आठवला. आमचे लोक म्हणतात, पलीकडच्या पुढाऱ्यांनी त्याला फूस लावली.

सुनावणीला तुम्हीच येणार असं कळल्यावर आमच्या बाजूला तर नाताळच आल्यासारखं झालं. आपलाच माणूस, हेक्टरला वकिली त्यानंच शिकवली, आता काळजी कसली! तुमच्यावर हरकत घ्या असं ओबेदच्या वकिलानं ओबेदला सांगितलं म्हणे. ओबेद म्हणाला, "असू दे तोच. त्याला हंडे माहीत आहेत." हे ऐकल्यापासून मला झोप नाही.

आमच्या वकिलानं मला समजावून सांगितलं. हेक्टरच्या माणसांनी आपापल्या डोक्यानं खाऊ घातलं असं ठरलं तर नुसती निवडणूक रद्द होईल, हेक्टर पुन्हा उभा राहील, पुन्हा जिंकेल. पण हेक्टरला स्वतःला ते माहीत होतं असं ठरलं तर सात वर्षं त्याला उभंच राहता येणार नाही, आणि वकिलीलाही बट्टा लागेल. त्याच्या डोळ्यांत ती सभेची खुर्ची लहानपणापासून आहे. म्हणून वकील म्हणतो, बाई, तुम्ही एवढंच सांगा की ही जुनी रीत आहे, आणि ती कोणी सुरू केली त्याचं नाव घ्या. म्हणजे हेक्टर सुटला.

नाव घ्या म्हणे. एकीकडे पोटचा पोर. दुसरीकडे ज्यानं त्या पोराला माणूस केलं तो, तोही न्यायासनावर बसलेला, सगळ्या परगण्यासमोर. हॅलिफॅक्सला मोठ्या न्यायाधीशाची जागा रिकामी होणार आणि ती तुम्हाला मिळणार असं लोक बोलतात. माझ्या एका वाक्यानं तीही जाईल. शपथेवर खोटं बोलायची माझी छाती नाही. आणि खरं बोलायचं तर कोणाचं तरी घर बसतंय. उद्या मी काय बोलणार ते माझं मलाच ठाऊक नाही.

पत्र पिठाच्या डब्यामागे ठेवते आहे.

एफी


कॅलमची खाडी
१५ ऑक्टोबर १८८६

न्यायाधीश साहेब,

निकाल लागला. आता पत्र लिहायला हरकत नाही, म्हणून आधीचं पत्रही सोबत जोडलंय. तुम्ही वर बसला होतात. वरून कसं दिसलं ते तुमचं तुम्हाला ठाऊक. खालून कसं दिसलं ते मी सांगते.

मोठ्या गावातल्या कोर्टाचं छप्पर वादळानं उडालं म्हणून कोर्ट आपल्या शाळेत भरलं. तुम्ही बसलात ते मास्तराच्याच मेजामागे. लोक खिडक्यांना लटकले होते. पहिला ओबेद उभा राहिला. मला वाटलं होतं की आता हा पक्षाचं पढवलेलं बोलणार. पण तो फार थोडं बोलला. म्हणाला, तेवीस वर्षं दुसऱ्या हंड्यातलं खाल्लं, तक्रार केली नाही. जिनं रांधलं तिची मर्जी. पण या खेपेला त्याचा म्हातारा बाप बरोबर होता. आंधळा झालाय, कदाचित शेवटचंच मत. तोंडात दात नाही, तरी वाडग्यात चमचा फिरवून फिरवून त्यानं विचारलं, "ओबेद, मॅकॅस्किलांच्या मेंढ्या मेल्या काय रे? मांस लागत नाही." आणि शेजारी बसलेले आमचे लोक खदखदा हसले. ओबेद म्हणाला, "मला बापाला काही सांगता येईना. म्हणून अर्ज केला."

मीही त्या हसणाऱ्यांत होते. जूनमध्ये हसले होते. त्या शाळेत मात्र मान वर करवेना.

मग माझं नाव पुकारलं. आमच्या वकिलानं विचारलं, दोन हंड्यांची रीत कोणी सुरू केली? तुम्ही लिहीत होतात. लेखणी थांबली. तुम्ही मान वर केली नाहीत, आणि मला थांबवलंही नाहीत, घाईही केली नाहीत. मी हेक्टरकडे पाहिलं. तो माझ्याकडे असा बघत होता जसा लहानपणी खाऊच्या डब्याकडे बघायचा. मी सांगून टाकलं, "लॉकलन मॅकव्हिकर यांनी."

लोक हसले, कोणी शीळ घातली. शेरीफनं काठी आपटली. तुम्ही कारकुनाला म्हणालात, "लिहून घ्या. पूर्ण नाव लिहा." मग माझ्याकडे वळून, "साक्षीदार, मी काय म्हणालो होतो, जसंच्या तसं सांगा." मी सांगितलं. मत देईल त्याला मांस, तेही. कायदा दारूसाठी आहे, तेही. तुम्ही सगळं उतरवून घेतलंत. आमचा वकील खुशीत हात चोळत खाली बसला. मला वाटलं, सुटलो. तुमची अब्रू गेली, पण पोर वाचलं. देवा, माफ कर, मला हलकं वाटलं.

आणि मग तुम्ही तो प्रश्न विचारलात. दोन्हीकडच्या एकाही वकिलाला तो सुचला नव्हता. सुचणार कसा? माझ्या चुलीपाशी ते कधी बसलेत?

"मतदानाच्या सकाळी झाकणं उघडून मीठ कोणी चाखलं?"

तुम्ही वाट पाहिलीत.

"हेक्टरनं," मी म्हटलं.

"दोन्ही हंड्यांचं?"

"दोन्ही."

संपलं. माझ्याच तोंडून माझ्या मुलाची सात वर्षं गेली. तुम्हाला ठाऊक होतं की मी खोटं बोलणार नाही, म्हणूनच तुम्ही मला विचारलंत. दुसऱ्या कोणाला विचारलं असतं तर त्यानं थाप मारली असती. मला याचाच सगळ्यात जास्त राग आला. माझ्या खरेपणावर तुम्ही माझ्याच पोराचा गळा कापलात.

निकालात तुम्ही शेवटी जे वाचलंत ते लोक अजून एकमेकांना म्हणून दाखवतात. "हेक्टर मॅकॅस्किल हे ज्याच्याकडून शिकले त्या माणसाला हे न्यायालय चांगलं ओळखतं. शिकवणाऱ्याला शिक्षा करायला कायद्यात जागा नाही, याचं न्यायालयाला वाईट वाटतं." वाचताना तुमचा आवाज फुटला नाही. मास्तर असताना पाढे म्हणवून घ्यायचात, तोच आवाज.

मग तुम्ही एकटेच धक्क्यावर गेलात. माझ्या दारावरून गेलात. चुलीवर हंडा होता, दार उघडं होतं. तुम्ही आत आला नाहीत ते बरंच झालं. आला असतात तर तुम्हाला पातळ हंड्यातलं वाढलं असतं.

हेक्टर माझ्याशी बोलत नाही. यापुढे पत्र लिहू नका.

युफेमिया मॅकॅस्किल


कॅलमची खाडी
२२ फेब्रुवारी १८९४

मास्तर,

मी पत्र लिहू नका म्हटलं तरी दर नाताळला तुझं पत्र आलं. मी एकाचंही उत्तर दिलं नाही. सगळी वाचली मात्र. गेल्या दोन पत्रांतलं अक्षर तुझं नव्हतं. डोळे गेले, नोकरी सोडली, हॅलिफॅक्सला कोणा विधवेच्या खानावळीत राहतोस असं कळलं. मोठ्या न्यायाधीशाची जागा तुला मिळाली नाही, तीही माझ्यामुळे. पेपरवाले तुला 'मटण-जज्ज' म्हणायचे, तेही माझ्यामुळे. तू एकदाही तसं लिहिलं नाहीस. दर वेळी हेक्टर कसा आहे, एवढंच.

हेक्टर बरा आहे. दोन वर्षं माझ्याशी बोलला नाही. मग एकदा बर्फात अडकून इथंच राहायला लागलं, तेव्हा चुलीपाशी बसून एकदम म्हणाला, "आई, तू खरं तेच सांगितलंस. तुला कायदा नीट माहीत नव्हता. मला होता. मी वकील होतो आणि तरी दुसऱ्या हंड्याचं मीठ चाखलं." मी म्हटलं, मग तुझ्या मास्तराला लिही. म्हणाला, "काय लिहू? त्यांनी मला सोडलं नाही, पण स्वतःला तरी कुठे सोडलं?" लिहायचं त्याच्याकडून झालं नाही. पुरुषांना पत्रं लिहिता येत नाहीत, तू सोडून.

सात वर्षं सरली. मार्चमधल्या निवडणुकीला तो उभा राहतोय. मला आधीच बजावलंय त्यानं, मतदानाच्या दिवशी चूल पेटवायची नाही, चहासुद्धा नाही. मी म्हटलं, बरं. मग मी दुसऱ्या दिवशी रांधेन. मतं मोजून झालेली असतील, जो पडायचा तो पडलेला असेल. मग कोणाच्या वाडग्यात काय पडलं ते कुठला कायदा विचारणार? हेक्टरनं कायद्याची पुस्तकं चाळली आणि म्हणाला, चालेल. तो पडला तरी रांधणार, असं मी त्याला सांगून ठेवलंय.

हंडा एकच. दुसऱ्यात मी कधीपासून कोंबड्यांचे बटाटे शिजवते.

आणि ऐक, मेंढी ओबेद देतोय. निकाल लागला त्याच हिवाळ्यात म्हातारा बाप गेला त्याचा. मी तेव्हा होडी करून पलीकडे गेले होते, भाकरी घेऊन. दारात उभी राहिले. त्यानं आत घेतलं. त्यावर आम्ही कधी काही बोललो नाही. परवा तो स्वतःच आला आणि म्हणाला, मेंढी माझी, हंडा तुझा. आणि तुझा तो जज्ज जिवंत असेल तर त्यालाही बोलाव, तो एकच माणूस होता ज्याला हंड्यांची लाज वाटली. मी म्हटलं, मलाही वाटली. ओबेद म्हणाला, "तुला बसून वाटली, एफी. त्याला उभं राहून सांगावं लागलं." खरं म्हणजे बसला होता तो आणि उभी होते मी. पण त्याला काय म्हणायचं ते मला कळलं.

तर ये. आगगाडी आता नॅरोजच्या पुलावरून थेट इकडे येते. हेक्टर स्टेशनवर बर्फावरची घसरगाडी घेऊन उभा राहील, तुला हाताला धरून आणील. तसं त्यानं स्वतःहून सांगितलंय. जिंकला तरी, पडला तरी. माझ्याशी भांडायचं असेल तर भांड, मलाही दोन गोष्टी सुनवायच्या आहेत. साहेबी सगळी हॅलिफॅक्सलाच ठेवून ये.

हेक्टर म्हणतो की तो झाकणाला हात लावणार नाही. ओबेदही लावायचा नाही म्हणतो. माझ्या जिभेला आता खारट-अळणी कळत नाही. तेव्हा सकाळी मीठ चाखायला तू हवास. तुझा निळा वाडगा मी घासून ठेवलाय. काठ कुठे तुटलाय ते बोटानं चाचपलंस की कळेल.

एफी